कोण कोणाशी जोडलं जातं? घरगुती व्हॉइस कंट्रोल आणि पोर्टविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट एका छोट्या बोर्डावर आहे आणि व्हिस्पर (बोलण्याचा मजकूर करणारं) व पायपर (मजकूर बोलून दाखवणारं) दुसऱ्या मिनी कॉम्प्युटरवर डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत, चालतात. व्हिस्परच्या लॉगमध्ये ‘रेडी’ दिसतं, तरी होम असिस्टंटमध्ये वायोमिंग इंटिग्रेशन जोडताना ‘कनेक्ट होता आलं नाही’ एवढंच येतं. ब्राउझरमध्ये तोच आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि १०३०० पोर्ट (त्या मशीनवरच्या सेवेचा क्रमांक) टाकला तर पान उघडत नाही. पोर्ट बंद आहे का?

उत्तर : ब्राउझरवरून काहीच ठरवू नका. वायोमिंग हा होम असिस्टंट आणि अशा आवाजाच्या सेवा यांच्यातला प्रोटोकॉल आहे, वेबपानांचा एचटीटीपी नाही. साध्या टीसीपी जोडणीवरून तो जेसॉनच्या ओळी आणि त्यांच्यामागे कच्चा आवाज पाठवतो. होम असिस्टंट जोडला गेला की ‘डिस्क्राइब’ असा निरोप धाडतो, आणि सेवा ‘इन्फो’ पाठवून आपल्याकडची मॉडेलं आणि भाषा सांगते. ब्राउझरला यातलं काही कळत नाही, त्यामुळे सगळं ठीक असतानाही पान कोरंच राहतं.

खरी तपासणी दुसऱ्या मशीनवरून करा. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलमध्ये ‘एनसी’ कमांड, विंडोजवर पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’. आयपी आणि पोर्ट द्या आणि उत्तर काय येतं त्यापेक्षा ते कसं येतं हे बघा, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं लगेच आलं, तर तुम्ही मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. डॉकरमध्ये याची कारणं ठरलेली असतात. एक, पोर्ट बाहेर काढलेलाच नाही. लॉगमधलं ‘रेडी’ कंटेनरच्या आतलं असतं, बाहेरच्या नेटवर्कला त्याचा पत्ता नसतो. चालू कंटेनरच्या यादीत पोर्टच्या रकान्यात बाणाची खूण दिसायला हवी. नुसता ‘१०३००/टीसीपी’ दिसत असेल तर पोर्ट बाहेर आलेला नाही. दोन, आकड्यांचा क्रम. ‘१०३०१:१०३००’ यात डावीकडचा पोर्ट बाहेरचा आणि उजवीकडचा कंटेनरच्या आतला, म्हणजे होम असिस्टंटमध्ये १०३०१ लिहायचा. तीन, पोर्ट १२७.०.०.१ ला बांधलेला आहे, म्हणून तो फक्त त्याच मशीनला दिसतो. चॅटजीपीटीसारखं भाषामॉडेल घरच्या मशीनवर चालवणाऱ्या ओलामाचंही हेच होतं. त्याचा ११४३४ पोर्ट मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो. दुसऱ्या मशीनवरून वापरायचा तर ओलामा-होस्ट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ०.०.०.०, म्हणजे ‘सगळ्या बाजूंनी ऐक’, द्यावं लागतं.

बराच वेळ काहीच न होता शेवटी ‘टाइम आउट’ आलं, तर मधे कुणीतरी पॅकेट गिळतंय. फायरवॉल, चुकीचा आयपी, किंवा दोन मशीन वेगवेगळ्या नेटवर्कवर. राउटरने मिनी कॉम्प्युटरला नवा आयपी दिला की जुन्या पत्त्यावर असंच होतं, म्हणून राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणाऱ्या भागात) त्याच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी आयपी राखून ठेवा.

इंटिग्रेशनच्या ‘होस्ट’ रकान्यात फक्त आयपी हवा. त्याच्या आधी एचटीटीपी नको, नंतर कोलन देऊन पोर्ट नको. व्हिस्परसाठी १०३००, पायपरसाठी १०२००, हाक ओळखणाऱ्या ओपनवेकवर्डसाठी १०४००, प्रत्येकाची नोंद वेगळी. ‘लोकलहोस्ट’ लिहिलं असेल तर आधी ते खोडा. तुमच्या मांडणीत त्याचा अर्थ होम असिस्टंटचा स्वतःचा बोर्ड असा होतो. होम असिस्टंट आणि व्हिस्पर एकाच कंपोझ फाइलमध्ये (डॉकरच्या सेवांच्या मांडणीत), एकाच डॉकर नेटवर्कवर असतील तर मात्र सेवेचं नाव आणि आतला पोर्ट द्यायचा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती फार जणांच्या लक्षात येत नाही. डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट लिनक्सच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातात. डॉकर स्वतःचे नियम त्याच्या आधी लावतो. यूएफडब्ल्यूमध्ये १०३०० बंद केला म्हणून तो बंद झाला असं समजू नका. वायोमिंगला पासवर्डही नाही आणि एन्क्रिप्शनही नाही. पोर्ट बाहेर काढताना डावीकडे मशीनचा घरच्या नेटवर्कवरचा आयपीही लिहा, म्हणजे तो तेवढ्याच बाजूने उघडा राहतो.

प्रश्न : ईएसपी-३२ या छोट्या चिपवर चालणारं व्हॉइस उपकरण ‘ओके नाबू’ ही हाक ऐकतं, सांगितलेला दिवा लागतो, पण उत्तर ऐकू येत नाही. आवाज पूर्ण वाढवून बघितला. स्पीकर गेला का?

उत्तर : स्पीकर बदलायच्या आधी जोडणी कुठून कुठे जाते ते बघा. दिवा लागला, म्हणजे आवाज होम असिस्टंटपर्यंत पोहोचला, त्याचा मजकूर झाला, अर्थ लागला. हा सगळा प्रवास होम असिस्टंटने उपकरणाशी ६०५३ या टीसीपी पोर्टवर केलेल्या जोडणीतून होतो. उत्तराचा आवाज मात्र त्या वाटेने येत नाही. होम असिस्टंट उपकरणाला ऑडिओ फाइलचा पत्ता देतो आणि उपकरण स्वतः ती फाइल आणायला होम असिस्टंटच्या ८१२३ पोर्टवर जातं. म्हणजे इथे जोडणीची दिशा उलटी आहे. तुमची अडचण नेमकी याच पायरीवर असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग नेटवर्क, तिथे होम असिस्टंटचा अंतर्गत पत्ता बघा. उपकरणाला दिला जाणारा पत्ता यावरूनच बनतो. तिथे उपकरणाला न सापडणारं नाव असेल, स्वतः बनवलेल्या सर्टिफिकेटचा एचटीटीपीएस पत्ता असेल किंवा जुना आयपी राहिला असेल, तर फाइल येणार नाही. साधा एचटीटीपी, होम असिस्टंटचा राखून ठेवलेला आयपी आणि ८१२३, एवढं लिहा आणि पुन्हा विचारून बघा. होम असिस्टंटवरच थेट सर्टिफिकेट बसवलं असेल तर ८१२३ वर साधा एचटीटीपी चालणार नाही. तेव्हा सर्टिफिकेट समोरच्या रिव्हर्स प्रॉक्सीवर (होम असिस्टंटपुढे राहून जोडण्या घेणाऱ्या मध्यस्थावर) न्या आणि आतला पत्ता साधा ठेवा.

खात्री करायची तर व्हॉइस असिस्टंटच्या सेटिंगमध्ये आपली पाइपलाइन (ऐकण्यापासून उत्तरापर्यंतच्या टप्प्यांची साखळी) निवडून तीन ठिपक्यांखालचं ‘डीबग’ उघडा. प्रत्येक टप्पा आणि त्याला लागलेले सेकंद तिथे दिसतात. शेवटच्या टप्प्यात, टेक्स्ट टू स्पीचमध्ये, तयार झालेल्या फाइलचा मार्ग असतो. तो अंतर्गत पत्त्यापुढे जोडा आणि उपकरण ज्या वायफायवर आहे त्याच वायफायवरच्या फोनमध्ये उघडा. वाजली तर रस्ता मोकळा आहे, मग उपकरणाच्या मीडिया प्लेअरचा आवाज आणि म्यूट बघा. नाही वाजली तर दोष नेटवर्कमध्ये आहे.

स्मार्ट उपकरणांसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच राउटरवर वेगळं काढलेलं नेटवर्क) केला असेल तर दोन्ही दिशांचे नियम लागतात : होम असिस्टंटकडून उपकरणाकडे ६०५३, उपकरणाकडून होम असिस्टंटकडे ८१२३. ही दुसरी दिशाच बहुतेक जण विसरतात. शिवाय उपकरणं आपोआप सापडतात ती एमडीएनएसमुळे, यूडीपी ५३५३ वर, आणि ते मल्टिकास्ट, म्हणजे अनेकांना एकदम दिलेली हाक, व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. राउटरवर ती हाक पलीकडे पोहोचवणारा एमडीएनएस रिफ्लेक्टर चालू करा, नाहीतर उपकरण आयपी देऊन हाताने जोडा. फर्मवेअरही अद्ययावत ठेवा. फार जुन्या आवृत्त्यांमध्ये आवाज वेगळ्या, बदलत्या यूडीपी पोर्टवरून जायचा आणि फायरवॉलमध्ये त्याला नेमका नियम लिहिता येत नसे. गेस्ट वायफायवर उपकरण ठेवूच नका. तिथे एकमेकांशी बोलणं मुद्दाम बंद केलेलं असतं.

प्रश्न : दिवा लागायला आठ-दहा सेकंद लागतात. नेटवर्क संथ आहे का?

उत्तर : सहसा नाही. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलचा आवाज म्हणजे सेकंदाला ३२ हजार बाइट. साध्या वायफायलाही ते काहीच नाही. वर सांगितलेलं डीबग उघडा आणि सेकंद कुठे जातात ते वाचा.

स्पीच टू टेक्स्टमध्ये जात असतील तर शक्यता दोन. एक म्हणजे प्रोसेसर. व्हिस्पर तुमचा दोन सेकंदांचा हुकूमही ३० सेकंदांच्या चौकटीत बसवून, उरलेली जागा शांततेने भरून तपासतो, म्हणून ‘दिवा लाव’ एवढं बोललं तरी काम फारसं कमी होत नाही. रास्पबेरी पाय ४ वर अशा हुकुमाला आठेक सेकंद लागणं नेहमीचं आहे. इंटेलच्या मिनी कॉम्प्युटरवर तेच काम सेकंदभरात होतं. मॉडेल एक पायरी लहान करा, बीम साइज (एका वेळी तपासायचे पर्यायी मजकूर) १ ठेवा, भाषा ‘ऑटो’वर न सोडता ठरवून द्या. मराठीसाठी मात्र ‘टायनी’ आणि ‘बेस’ ही सर्वांत लहान मॉडेलं निवडू नयेत असं आमचं मत आहे. वेग मिळतो, पण शब्द इतके मोडतात की तोच हुकूम पुन्हा द्यावा लागतो. मराठीतच बोलायचं असेल तर पैसे मॉडेल पेलणाऱ्या मशीनवर घाला.

दुसरी शक्यता अशी की तुमचं बोलणं संपलं हेच उपकरणाला कळत नाही. टीव्ही किंवा पंखा चालू असेल तर ते शांततेची वाट बघत ऐकतच राहतं. उपकरणाच्या पानावर ‘फिनिश्ड स्पीकिंग डिटेक्शन’ हा पर्याय आहे, तो ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ करून बघा. थांबत थांबत बोलणाऱ्यांचं वाक्य मग मधेच तुटेल, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलायला लावून ठरवा. वेळ भाषामॉडेलच्या टप्प्यात जात असेल तर ‘हुकूम आधी स्थानिक पातळीवर हाताळा’ या अर्थाचा पर्याय पाइपलाइनमध्ये असतो, तो चालू करा. दिवा लावायला भाषामॉडेलची गरज नसते.

प्रश्न : ‘हॉलचा दिवा लाव’ कधी चालतं, कधी ‘समजलं नाही’ येतं.

उत्तर : तेच वाक्य असिस्टच्या, म्हणजे होम असिस्टंटमधल्या संवादाच्या, खिडकीत टाइप करा. टाइप करून चालत असेल तर दोष ऐकण्याचा, नसेल तर समजण्याचा. डीबगमध्ये व्हिस्परने नेमकं काय लिहिलं तेही वाचा. एकदा ‘लाइट’, एकदा ‘लाईट’, कधी ‘हॉल चा’ असं तोडून. आपल्याला हे सगळं एकच असलं तरी वाक्य जुळवणाऱ्याला ते वेगळं आहे.

होम असिस्टंटच्या तयार वाक्यांवर विसंबू नका. ऑटोमेशनमध्ये ‘सेंटेन्स’ हा ट्रिगर घ्या आणि साचा असा लिहा : [प्लीज] (हॉलचा|हॉल चा|हॉलमधला|हॉलची|हॉल ची|हॉलमधली) (दिवा|लाइट|लाईट) (लाव|लावा|सुरू कर|चालू कर). चौकोनी कंसातलं असलं-नसलं तरी चालतं, गोल कंसातल्यांपैकी एक लागतं. व्हिस्परच्या चुका दिसतील तशा याच साच्यात भरत जा. ‘दिव्या लाव’ असं वारंवार लिहीत असेल तर ‘दिव्या’ही टाका, त्यात कमीपणा नाही. शेवटी ‘सेट कन्व्हर्सेशन रिस्पॉन्स’ ही कृती जोडून उत्तराचं वाक्य द्या. ऑटोमेशनने लावायचा दिवा असिस्टला ‘एक्स्पोज’ केलेला, म्हणजे वापरायला दाखवलेला, असण्याची गरज नाही. नाव घेऊन थेट चालवायचा असेल तर मात्र आहे.

प्रश्न : लॅपटॉपवर असिस्टमध्ये माइकचं बटण चालत नाही.

उत्तर : तुम्ही साध्या एचटीटीपी पत्त्यावर आहात. ब्राउझर माइक फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर देतो. होम असिस्टंटपुढे रिव्हर्स प्रॉक्सी ठेवून सर्टिफिकेट बसवा.

प्रश्न : बाहेरून वापरायला राउटरवर ८१२३ आणि १०३०० फॉरवर्ड करू का?

उत्तर : १०३०० मुळीच नाही. तो होम असिस्टंट आणि व्हिस्पर यांच्यातला पोर्ट आहे, तुमच्या फोनला तो कधीच लागत नाही. बाहेर उघडला तर कुणीही येऊन तुमचा प्रोसेसर वापरेल. ८१२३ ही उघडू नका. वायरगार्ड हा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) बसवा आणि राउटरवर तेवढाच एक यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, फॉरवर्ड करा. योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. राउटरचं यूपीएनपी बंद करा, नाहीतर एखादं उपकरण न विचारता पोर्ट उघडेल. आणि फॉरवर्ड करूनही बाहेरून जोडणी होत नसेल तर राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या, बाजूचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सेवादात्याच्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देणाऱ्या व्यवस्थेमागे) आहात, आणि राउटरवर कितीही नियम लिहिले तरी बाहेरची जोडणी तुमच्यापर्यंत येणार नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक आयपी घ्या, किंवा त्यांच्याकडे आयपीव्ही६ असेल तर वायरगार्ड त्यावरून चालवा.