उभ्या गाडीचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात शिवाजीनगरला वसतिगृह मिळालं आहे. घरची एमएच-०९ पासिंगची मोटरसायकल वडिलांच्या नावावर आहे. ती आणली तर चालेल का?

कोल्हापूरची नंबरप्लेट पुण्यात चालते. राज्य एकच असल्यामुळे एनओसी लागत नाही आणि गाडी वडिलांच्या नावावर असायलाही हरकत नाही. आरसी, विमा, लायसन्स डिजीलॉकरमध्ये उतरवून ठेवा. मोबाइलमधला नुसता फोटो ग्राह्य धरत नाहीत.

खरी अडचण वयाची आहे. पहिल्या वर्षाला बरीच मुलं सतराचीच असतात. अठरा पूर्ण नसताना गाडी चालवताना सापडलात, तर कायदा मालकाला, म्हणजे तुमच्या वडिलांना धरतो : २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. एवढी जोखीम घरच्यांवर टाकू नका. वाढदिवसापर्यंत पीएमपीची बस आणि मेट्रो पुरेशी आहे. मेट्रोच्या विद्यार्थी पासावर तिकिटात ३० टक्के सूट मिळते.

प्रश्न : 'नो पार्किंग'ची पाटी नव्हती, शेजारी इतरही गाड्या होत्या. तरी सकाळी माझी गाडी उचलून नेली. असं का?

रस्त्यावर पी१ किंवा पी२ अशी पाटी होती का, ते जाऊन बघा. पी१च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी२च्या बाजूला सम तारखेला. संध्याकाळी जेवायला जाताना १४ तारखेला पी२ला लावलेली गाडी बरोबर असते. रात्री बारा वाजले की तीच चुकीच्या बाजूला उभी ठरते. वसतिगृहातल्या मुलांच्या गाड्या जातात त्या बहुतेक अशाच. ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम, म्हणून महिना बदलताना लागोपाठ दोन दिवस पी१च. सवयीने बाजू बदललीत तर तिथेही फसाल. रात्रभर गाडी ठेवायची असेल तर ती आवारातच लावा.

चौकाचा कोपरा, झेब्रा पट्टे, बसथांबा, फुटपाथ, कुणाचं गेट : इथे पाटी नसली तरी गाडी लावायची नाही.

चलन आलं की नाही, ते महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार अंक टाकून तपासा. एसएमएस नोंदणीतल्या मोबाइलवर, म्हणजे बहुधा वडिलांना जातो, आणि तुम्हाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

प्रश्न : उन्हाळी सुट्टीनंतर गाडी चालूच होत नाही. ढकलून बघितली, तरी नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीत पेट्रोल पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी साफ उतरली असेल तर ढकलून उपयोग नाही, आणि स्कूटर तर ढकलून चालू होतच नाही. बॅटरी काढून चार्ज करून घ्या. चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा, १२.२च्या खाली उतरत असेल तर बॅटरी गेली म्हणायची.

पुढच्या सुट्टीआधी एवढं करा : टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते आणि आतून गंज येतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर ठिणगी उडते. गाडी मेन स्टँडवर लावा, चेनला तेल द्या. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधू नका, आत वाफ कोंडते आणि नटबोल्ट गंजतात. सीटखाली खाऊची पाकिटं तर अजिबात ठेवू नका. त्या वासाने उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात.