कर्मचारीसंख्येचे दोन आकडे दिसले तर

एकाच कंपनीच्या एका निवेदनात ५,००० माणसं, दुसऱ्यात ४,२००. लगेच 'लपवालपवी' म्हणू नका. आधी तारीख आणि व्याख्या बघा. एक आकडा वर्षअखेरचा आणि दुसरा वर्षभराच्या सरासरीचा असू शकतो. एकात कंत्राटी आणि उपकंपन्यांची माणसं धरलेली असतात, दुसऱ्यात फक्त कायम नोकरीतली. अर्धवेळ काम करणारे दोघे मिळून एक पूर्णवेळ मोजायचीही पद्धत आहे. बराचसा गोंधळ इथंच मिटतो.

नाही मिटला, तर वार्षिक अहवालातला कर्मचारी खर्च सरासरी संख्येने भागा आणि हा माणशी खर्च मागच्या वर्षाशी ताडून बघा. संख्या १० टक्के घटली म्हणतात, पण एकूण खर्च आधीइतकाच? मग नोकरकपातीची भरपाई त्यात धरलीय का, पगारवाढ झाली का, हे हिशेबाच्या टिपांत शोधा. (टिपा कंटाळवाण्या असतात, पण खरी माहिती तिथंच सापडते.) उलट पगाराचा खर्च घटला आणि 'व्यावसायिक सेवा' किंवा 'इतर खर्च' फुगला, तर तीच कामं कंत्राटदाराकडे गेली असण्याची दाट शक्यता. मग 'बचत' कसली?

व्यवस्थापनाला प्रश्न विचारताना "माणसं किती?" असं मोघम नको; "तिमाहीच्या शेवटच्या दिवशी, कंत्राटी वगळून, किती?" असं विचारा. उत्तरात नवीनच व्याख्या आली, तर मागच्या चार तिमाहींचे आकडेही त्याच व्याख्येने मागा.