भेंडी-काकडीची तोडणी सुरू झाली आणि त्याच वेळी कीडही लागली, आता काय फवारावं?

तुम्ही लिहिलंय की भेंडी, काकडी, वांगी आत्ताच लागू लागलीत, पण भेंडीची पानं आकसतायत, काकड्या वाकड्या येतायत आणि खायचा माल असल्यामुळे काय फवारावं ते कळत नाही. माझ्या मते फवारणी सगळ्यात शेवटी. या दिवसांत निम्मं काम वेळेवरची तोडणीच करते.

भेंडी फूल उमलल्यापासून 5 ते 7 दिवसांत तोडणीला येते, म्हणजे बागेत दिवसाआड फेरी हवीच. टोक कटकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून झाली. जून भेंडी किंवा पिवळी पडलेली काकडी तशीच राहिली की झाड बी पोसायच्या मागे लागतं आणि नवी फळं कमी धरतात. शिवाय विसरलेल्या फळांतच अळ्या निवांत वाढतात. काकडी ओढू नका, देठ ठेवून कात्रीने कापा.

वाकड्या काकडीची कारणं दोन, आणि उपाय अगदी वेगळे. फळ हातात घेऊन नीट बघा. सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग आणि त्यावर डिंकासारखा थेंब दिसला तर फळमाशी. डाग नाही, पण फळ एका टोकाला निमुळतंच राहिलंय, तर बहुधा परागीभवन कमी पडलं. अशा वेळी सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. मादी फुलामागे बारीकशी काकडी असते, ओळखायला सोपं.

फळमाशी अंडी सालीच्या आत घालते, म्हणून वरून काहीही फवारलं तरी आतली अळी सुरक्षित राहते. डंख झालेली आणि गळलेली फळं रोज वेचा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. कंपोस्टमध्ये किंवा वेलीखाली टाकलीत तर अळ्या मातीत उतरून कोषात जातात आणि पुढची पिढी तिथूनच निघते. वेलीखालची वरची 4-5 सेंमी माती अधूनमधून हलक्या हाताने मोकळी करा. नव्या फळावरचं फूल सुकलं की लगेच कागदी पिशवी चढवा. कामगंध सापळा (वासाने नर माश्यांना ओढून अडकवणारा) लावायला हरकत नाही, पण त्यात फक्त नर सापडतात, एकट्या सापळ्यावर विसंबू नका.

आता आकसलेली पानं. पान उलटून बघा. शेंड्यावर मऊ किड्यांची दाटी, चिकटपणा आणि मुंग्यांची ये-जा असेल तर मावा. पानावर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी असेल तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, घरातला कोळी नव्हे. खात्रीसाठी पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. पडलेले ठिपके चालू लागले की कोळीच. तो कोरड्या, गरम हवेत झपाट्याने वाढतो. दोन्हींवर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, सकाळी, लागोपाठ तीन-चार दिवस. बहुतेक जण वरून पाणी मारतात आणि कीड खाली जशीच्या तशी राहते. माव्यात काळ्या अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या लांबट अळ्या फिरताना दिसल्या तर त्यांना अजिबात हात लावू नका. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) असतात आणि मावाच खातात.

वांग्याचा शेंडा मलूल होऊन लटकला तर आत अळी आहे. सुकलेल्या भागाच्या 2-3 सेंमी खाली कापा आणि नष्ट करा.

एवढं करूनही मावा किंवा कोळी हटला नाही तर 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1-2 मिली सौम्य द्रवसाबण. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग पाणी घाला. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानावर जिथे थेंब पडतो तिथे करपतं. आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा. फवारणी तोडणी झाल्यावरच, ऊन उतरल्यावर, फुलं टाळून. द्रावण त्याच दिवशी संपवा, आठवड्याने पुन्हा मारा.

भेंडीच्या पानांच्या शिरा जाळीसारख्या पिवळ्या पडल्या असतील तर मात्र तो हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि झाड बरं होत नाही. फवारणीत वेळ न घालवता ते मुळासकट उपटून काढा, आणि शेजारच्या झाडांच्या पानांखाली पांढरी माशी आहे का ते त्याच दिवशी तपासा.