गेम स्ट्रीम करताना माझा व्हीट्यूबर अवतार (माझ्या जागी दिसणारं, माझ्या चेहऱ्याबरोबर हलणारं कार्टून) अडखळतो. नवीन ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप घ्यावा का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आहे, व्हीट्यूब स्टुडिओ या अवतार हलवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लाइव्ह२डी मॉडेल (सपाट चित्राचे भाग हलवून केलेला अवतार) आहे आणि चेहरा वेबकॅमवरून ट्रॅक होतो. नुसत्या गप्पांचा स्ट्रीम असला की सगळं झकास. व्हॅलोरंट हा गेम चालू केला की पापण्या अर्ध्यावर अडकतात आणि मान झटक्याझटक्याने वळते. अहो, मग निदान तुम्हीच करून ठेवलंय की! एकटा असताना अवतार नीट हलतो, म्हणजे मॉडेल बरं आहे, कॅमेराही बरा आहे. शेजारी गेम येऊन बसला की बिघडतं.

मी कोल्ह्याचा अवतार घेऊन स्ट्रीम करतो, झुपकेदार शेपटीचा, नाव कोल्होबा. माझा लॅपटॉप तुमच्याच तोडीचा. कोल्होबा असाच अडखळायला लागला तेव्हा मी आधी वेबकॅम बदलला, मग मॉडेल रिग करून (म्हणजे चित्राला हालचाल जोडून) देणाऱ्याला रात्री साडेअकराला मेसेज करकरून पिडलं, मग विंडोज नव्याने टाकलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी कामी आली ती गेममधली एक सेटिंग, तीही फुकट.

गोष्ट अशी आहे. फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढायच्या त्याला, मर्यादा घातली नाही तर गेम कार्डाला झेपतील तितक्या फ्रेम काढत सुटतो. तुमची स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणारी, असली तरी तो १४० काढेल, कारण थांब म्हणून कोणी सांगितलेलंच नाही. कार्ड ९९ टक्क्यांवर जातं. पण त्याच कार्डावर व्हीट्यूब स्टुडिओला अवतार काढायचा असतो आणि ओबीएसला (स्ट्रीम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला) गेम, अवतार, चॅटची चौकट हे सगळं एकावर एक रचून चित्र तयार करायचं असतं. पंगतीत पहिल्या पानावरच्या पाहुण्याने अख्खी परात ओढून घेतली तर शेवटच्या पानावर काय पडणार? गेमच्या १४०च्या १२० झाल्या तर तुम्हाला कळणारही नाही. अवतार ६०वरून २०वर आला तर ते चॅटमधल्या प्रत्येकाला दिसतं.

म्हणून पहिलं काम गेमला लगाम. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये फ्रेम रेटची मर्यादा कायमसाठी, मेनूसाठी आणि गेम मागे असतानासाठी अशी वेगवेगळी घालता येते. मेनूतली ६०वर आणून ठेवा. लॉबीत नुसतं बसलेलं असताना कार्डाने घाम गाळायचं काही कारण नाही, आणि नेमकं तिथेच आपण चॅटशी जास्त बोलत असतो. खेळतानाचा आकडा मात्र स्वतः शोधावा लागतो. दुसऱ्या स्क्रीनवर किंवा मोबाइलवर कार्डाचा वापर दिसत राहील अशी सोय करा, सगळ्यात जास्त धूर आणि धमाका असलेल्या राउंडमध्ये तो बघा, आणि ८५ ते ९० टक्क्यांच्या वर जाणार नाही इतकी मर्यादा खाली आणा. स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर हे जिवावर येईल, माहीत आहे. तेव्हा फ्रेम कमी करण्याआधी गेमचे ग्राफिक्स कमी करा, सावल्या आणि अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) यांपासून सुरुवात. रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळायचं असेल त्या दिवशी अवतार बाजूला ठेवून साधं चित्र लावणारे लोकही आहेत, त्यात कमीपणा नाही.

ज्या गेममध्ये अशी सेटिंग नसते तिथे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून त्या गेमपुरती मर्यादा घालता येते.

हे केल्यावर ओबीएसमधली 'स्टॅट्स'ची चौकट उघडून ठेवा. लोक 'लॅग होतंय' एवढंच म्हणतात, पण तिथे तीन वेगळे आकडे असतात आणि तिघांचं औषध वेगळं. रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर कार्ड अजूनही भरलेलं आहे, लगाम आणखी ओढा. एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडर, म्हणजे चित्र कॉम्प्रेस करून पाठवण्याजोगं करणारा भाग, बघा: एक्स२६४ निवडलेला असेल तर तो प्रोसेसर खातो. तिथे एनव्हीएन्क निवडा, त्यासाठी कार्डावर वेगळा भाग असतो. आणि नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम असतील तर अवतार तुमच्याकडे नीट आहे, फक्त बघणाऱ्यांकडे अडखळतोय. मग बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) कमी करा. तिन्ही आकडे शून्याजवळ असून अवतार झटके खात असेल तर मात्र गाडी ट्रॅकिंगकडे वळवायची.

शिवाय ओबीएस 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. असं केल्यावर विंडोज कार्डाच्या रांगेत त्याला पुढे घेतं. पण हा उपाय एकट्याने पुरत नाही, कारण पुढे जाणार तो ओबीएस. अवतार मागेच राहतो.

आता ट्रॅकिंग. अवतार काढणं कार्डाचं काम, पण वेबकॅमच्या चित्रातून डोळे-तोंड शोधणं प्रोसेसरचं. व्हीट्यूब स्टुडिओतला ओपनसीफेस हा वेबकॅम ट्रॅकर प्रोसेसरवरच चालतो, आणि व्हॅलोरंट कार्डापेक्षा प्रोसेसरचाच जीव जास्त काढतो. म्हणजे तुम्हाला दोन्हीकडून मार. फ्रेमची मर्यादा घातली की प्रोसेसरही थोडा मोकळा होतो, हा त्यातला बोनस. कॅमेरा १०८०वर ठेवला असेल तर ७२०, ३० फ्रेमवर आणा. ओपनसीफेस चेहऱ्याचं चित्र शेवटी २२४ बाय २२४ पिक्सेलचं करूनच बघतो, त्यामुळे वरचे पिक्सेल वाया जातात. एनव्हिडियाचा स्वतःचा ट्रॅकर आरटीएक्स कार्डांसाठी आहे, १६५०वर त्याचा उपयोग नाही.

आणि दिवा लावा! हे मी ओरडून सांगतोय कारण यात माझा एक अख्खा महिना गेला. दुपारी कोल्होबा लोण्यासारखा चालायचा आणि रात्री नऊच्या स्ट्रीमला म्हाताऱ्यासारखा. मी लॅपटॉप गरम होतोय समजून खाली पंखा लावला. खरं कारण असं की उजेड कमी झाला की वेबकॅम आपणहून प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, आणि ३०च्या जागी १५च फ्रेम येतात. वर त्या पुसट, मग पापणी मिटली की नाही हे ट्रॅकरला कळणार कसं? चेहऱ्यासमोर साधा टेबल लॅम्प ठेवा, भिंतीवर आपटून येणारा उजेड असला तर आणखी चांगलं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कमी उजेडाची आपोआप भरपाई करण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. तिथेच विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे ना बघा. आपल्याकडची वीज ५०ची आहे, तिथे ६० असेल तर चित्र लुकलुकतं आणि अवतार थरथरतो. चष्मा लावत असाल तर दिवा जरा बाजूला, काचेवर चमक आली की डोळा हरवतो.

थरथर घालवायला व्हीट्यूब स्टुडिओत प्रत्येक पॅरामीटरला (मान, डोळे, तोंड अशा एकेका हालचालीला) स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करण्याची सोय, असतं. मानेला थोडं जास्त चालतं. डोळ्यांना आणि तोंडाला जपून द्या, नाहीतर तुम्ही 'अरे देवा' म्हणून मोकळे होता आणि अवतार अजून 'अरे'वरच असतो.

लॅपटॉप म्हणून एक वेगळी कटकट. त्यात बहुधा दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं आणि एनव्हिडियाचं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 'ग्राफिक्स'मध्ये जाऊन गेम, ओबीएस आणि व्हीट्यूब स्टुडिओ तिन्ही एनव्हिडियावर आहेत ना ते तपासा. वेगवेगळीकडे असले तर ओबीएसच्या गेम कॅप्चरमध्ये (गेम किंवा अवतार स्ट्रीममध्ये आणण्याची एक पद्धत) नुसता काळा चौकोन दिसतो, मग लोक वैतागून विंडो कॅप्चर ही दुसरी पद्धत लावतात आणि अवतारामागचा हिरवा पडदा कापत बसतात. त्याची गरज नाही. गेम कॅप्चरमध्ये पारदर्शकतेला परवानगी दिली आणि व्हीट्यूब स्टुडिओत पारदर्शक पार्श्वभूमी निवडली की अवतार स्वच्छ येतो, केसांच्या कडांना हिरवट झाक राहत नाही. व्हीट्यूब स्टुडिओ मिनिमाइझ मात्र करू नका, गेमच्या मागे उघडा राहू दे. त्याचा फ्रेम रेट स्ट्रीमइतकाच ठेवा: स्ट्रीम ३०चा असेल तर ६० काढून कोणाला दाखवणार? चार्जर कायम लावलेला हवा.

मॉडेलला दोष देऊ नका म्हटलं, तरी एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या कार्डाची मेमरी ४ जीबी. ८१९२ बाय ८१९२ पिक्सेलचं एक टेक्स्चर (अवताराचे भाग ज्यावर काढलेले असतात ते चित्र) कॉम्प्रेस न करता ठेवलं तर २५६ एमबी घेतं, ४०९६चं फक्त ६४. मॉडेलमध्ये अशी मोठी तीन टेक्स्चर असतील, तर पाऊण जीबी अवतारच घेऊन बसला. स्ट्रीमच्या कोपऱ्यात तो तळहाताएवढा दिसणार, त्याला इतकं कशाला? ज्यांनी रिग केलं त्यांच्याकडून ४०९६ची प्रत मागून घ्या, गोड बोलून, आणि शक्यतो दिवसा.

घरात कोणाचा फेस आयडीवाला आयफोन असेल तर स्ट्रीमपुरता मागून बघा. ट्रॅकिंग फोनवर होतं, तुमच्या प्रोसेसरला फक्त आकडे येतात, आणि गाल फुगवणं, जीभ काढणंही पकडलं जातं. वायफायवर अधूनमधून झटका बसेल, केबल लावली की थांबतो. फोन तापतो, कव्हर काढून ठेवा.

शेवटी ओठ आणि आवाज. हे सगळं जमलं तरी चेहरा आवाजाच्या किंचित मागे राहतो, कारण ट्रॅकिंगला वेळ लागतोच. अवतार पुढे ढकलता येत नाही, पण आवाज मागे खेचता येतो. ओबीएसच्या प्रगत ऑडिओ सेटिंगमध्ये माइकच्या ओळीत सिंक ऑफसेट असतो, मिलिसेकंदात. दहा सेकंद रेकॉर्डिंग लावा, 'पापड, बापट, पोपट' असं ओठ मिटणारं काहीतरी बोला, हळू वेगात बघा आणि जुळेपर्यंत आकडा वाढवा. कोल्होबाला १२० लागले. पण माइक मागे खेचल्यावर गेमचा आवाजही तेवढाच मागे घ्यायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि आठवडाभर माझी किंकाळी गोळी लागल्यावर जरा उशिराच ऐकू येत होती.