लांब पल्ल्याच्या सायकलिंगसाठी २५, २८ की ३२ मिमीचा टायर?

२०० किमीच्या ब्रेव्हेआधी (ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) २३ मिमीचे टायर बदलायचे आहेत, पण रुंद टायरने वेग जाईल अशी धास्ती वाटते, असं तुम्ही विचारलंय. धास्ती सोडा. फ्रेममध्ये बसत असेल तर २८ घ्या. डिस्क ब्रेकची सायकल असेल आणि जागा असेल तर ३२ सुद्धा बिनधास्त घ्या. मात्र रुंदी वाढवली की हवा कमी करायचीच, नाहीतर खर्च फुकट.

हे मी अनुभवाने शिकलो. पहिली ३०० ची ब्रेव्हे मी २३ मिमीवर, ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरून केली. दोनशेच्या पुढे करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. आठवडाभर शर्टाची बटणं लावताना बोटं साथ देत नव्हती. पुढच्या वेळी २८ चढवले, पण हवा सवयीने तीच ११०. हात तसेच बधिर. मग मागे ७५ आणि पुढे ६८ वर आलो (माझं वजन ७२ किलो) आणि तोच रस्ता वेगळा वाटला. सरासरी वेग तसूभरही घटला नाही.

याचं कारण असं. हवेचा दाब सारखा असेल तर अरुंद आणि रुंद दोन्ही टायर जमिनीला जवळपास सारख्याच क्षेत्रफळावर टेकतात. अरुंद टायरचा टेकलेला भाग लांबट असतो, रुंदचा आखूड आणि आडवा. लांबट भागात टायर जास्त दबतो, म्हणून समान दाबावर अरुंद टायरच जड चालतो. दाब उतरवला की हा फायदा थोडा कमी होतो, पण खरखरीत डांबरावर त्याहून मोठा फायदा मिळतो. कडक टायर प्रत्येक खडीवर उसळतो, ते हादरे तुमच्या स्नायूंत जिरतात आणि त्यात जाणारी ताकद पेडल मारूनच आलेली असते. हातात येणाऱ्या त्या झिणझिणीलाच आपण वेग समजत असतो!

रुंद टायरला वारा जास्त अडतो हा मुद्दा ताशी ४० किमीच्या वेगाला महत्त्वाचा, आपल्या २०-२५ ला फारसा नाही. आणि आता व्यावसायिक शर्यतींतही २८ सर्रास दिसतो.

खरेदीआधी जागा नीट मोजा. चाक बसवून ४ मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) टायर आणि फ्रेमच्या मधून फिरवा: मागे दोन्ही बाजूंना, ब्रेकखाली आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) वरच्या टोकाला. नवा टायर जुन्यापेक्षा जेवढा जाड असेल तेवढी जागा सोडूनही ही की सहज फिरायला हवी. टायरवर लिहिलेलं माप आणि प्रत्यक्ष माप एकच नसतं. रुंद रिमवर २८ चा टायर २९-३० भरतो. जुन्या कॅलिपर ब्रेकमध्ये (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) बऱ्याचदा २५ किंवा २८ लाच गाडी अडते. २५ च बसत असेल तर तेही २३ पेक्षा बरे.

रुंदीइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, टायरच्या कापडाकडे (रबराच्या आतल्या विणीकडे) बघा. जाडजूड, ताठ टायर ३२ चा असला तरी मरगळल्यासारखा चालतो. लवचीक कापडाचा २८ त्याला मागे टाकतो.

हवा ठरवताना मागच्या चाकापेक्षा पुढच्यात थोडी कमी ठेवा, कारण जास्त भार मागे असतो. पाच-पाच पीएसआयने उतरवत जा. वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम आपटली की पाच पुन्हा वाढवा. फार उतरवली तर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हे प्रयोग ब्रेव्हेच्या आधीच्या ५०-६० किमीच्या फेऱ्यांत उरका. तुमचं वजन आणि रिमची आतली रुंदी कळवलीत तर सुरुवातीचा आकडा सांगतो.