लाल-पिवळा गुळगुळीत यायचा तर

पहिल्याच प्लास्टिकच्या मॉडेलला एसटीची लालपरी बस धरलीस, म्हणजे अवघड रंगालाच हात घातलास की रे! लाल, पिवळा, पांढरा हे खालचा रंग झाकणारे रंग नव्हेत. करड्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थरावर, पिवळा मारलास तर हिरवट, मळका दिसणार. पिवळ्याखाली पांढरं अस्तर दे, लालखाली फिकं गुलाबी. पांढरा पट्टा असेल तर तो आधी मारून टेपनं झाक. लालावर पांढरा मारलास की बऱ्याचदा गुलाबी झाक वर येते.

एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं छोटं पिस्तूल, १५ ते २० पीएसआय हवेच्या दाबावर ठेव आणि पातळ हात मार. पहिल्या हातात खालचं दिसणारच, म्हणून लगेच थापायला जाऊ नको. खिडक्यांच्या कडांवर रंग मागं सरतो, तिथं आधी हलका फवारा दे. खरखर आली तर पुरता वाळू दे, मग २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हातानं घास.

आणि पावसाळ्यात, त्यातून खानापूरकडं, लॅकर, म्हणजे थिनरवर चालणारा झटपट वाळणारा रंग, मारायचा तर उघडीप बघ. दमट हवेत त्यावर पांढरट धूसर थर धरतो. गॅरेजवाल्यांचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त पडतो, पण प्लास्टिक खातो. तो फक्त एअरब्रश धुवायला.