भटक्या ग्रह-ताऱ्यांवर विज्ञानकथा लिहायची आहे, पण टक्कर सोडून काही सुचत नाही. कथानक कुठून आणावं?

टक्कर विसरा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझं गाडं दुसरीकडे वळणार आहे.

तुम्ही लिहिलंय की 'एक भटका ग्रह सूर्यमालेत शिरतो, शास्त्रज्ञांना उशिरा कळतं, सहा महिन्यांत मुंबई नष्ट होणार' इथपर्यंत येऊन गोष्ट अडली आहे. अडणारच. जरा हिशेब करून बघा. मी उभी हयात फोर्टातल्या एका कंपनीत ताळेबंद जुळवण्यात घालवली, त्यामुळे मला ही खोडच आहे. असा, कुठल्याही ताऱ्याभोवती न फिरणारा ग्रह सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने येतो असं धरू. म्हणजे वर्षाला सूर्य-पृथ्वी अंतराच्या सव्वासहापट. 'वाइज' या अवरक्त दुर्बिणीच्या नोंदी चाळून २०१४ साली निघालेला निष्कर्ष असा, की सूर्य-पृथ्वी अंतराच्या २६,००० पटींच्या आत गुरूएवढी किंवा त्याहून मोठी अनोळखी वस्तू नाही, आणि १०,००० पटींच्या आत शनीएवढीही नाही. भागाकार करा. गुरूएवढ्या पाहुण्याला यायला चार हजार वर्षं, शनीएवढ्याला दीड हजारांच्या वर. तुमच्या सहा महिन्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

हा प्रश्न मला झोंबला त्याला कारण आहे. २०११ मध्ये जपान-न्यूझीलंडच्या 'मोआ' गटाचं संशोधन आलं. आकाशगंगेच्या मध्याकडच्या कोट्यवधी ताऱ्यांवर नजर ठेवायची, आणि मधून एखादी काळी वस्तू गेली की तिच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा तारा तेवढ्यापुरता उजळतो, तो टिपायचा. त्यावरून त्यांनी म्हटलं की कुठल्याही ताऱ्याला न बांधलेले, गुरूएवढ्या वजनाचे सुटे ग्रह दर ताऱ्यामागे जवळजवळ दोन असावेत. ही बातमी मी सीएसटीच्या फलाटावर वाचली आणि एक गाडी सोडली, एवढं सांगितलं तरी मुंबईकराला पुरे.

मग मी गोष्ट लिहिली. त्यात असा एक ग्रह सूर्यापासून अर्ध्या प्रकाशवर्षावरून जातो. त्याच्याभोवती बर्फाने झाकलेला एक चंद्र आहे, बर्फाखाली समुद्र, समुद्रात वस्ती. तिथून आपला सूर्य कसा दिसेल? शुक्राएवढा तेजस्वी एक ठिपका, बाकी काही नाही. सेकंदाला ३० किलोमीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष कापायला दहा हजार वर्षं. तेवढा काळ तो ठिपका तिथल्या आकाशातला सगळ्यात ठळक तारा असतो आणि मग विझत जातो. खाली पाण्यात राहणाऱ्यांना डोळेच नाहीत. इकडे आपण शेती शोधतो, शहरं बांधतो, लढाया करतो. दोन वस्त्या एकमेकींच्या अंगणावरून जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. तेवढीच गोष्ट.

ही घेऊन मी गिरगावात एका दिवाळी अंकाच्या कचेरीत गेलो. अंकाचं नाव सांगत नाही, तो आता बंद पडलाय. संपादक हयात आहेत आणि माझ्या आत्तेभावाचे व्याही आहेत, म्हणजे लग्नकार्यात समोरासमोर येणं टळत नाही. कचेरी म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली. भिंतीला टेकून गेल्या साली न खपलेल्या अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, टेबलावर खळीचा डबा आणि एक लाल पेन. त्यांनी गोष्ट माझ्यासमोरच वाचली.

"भाषा छान आहे हो तुमची. पण हा आपटत नाही का?"

"नाही साहेब."

"मग जवळून जातो?"

"अर्ध्या प्रकाशवर्षावरून."

"अहो, मग घडतं काय?"

मी समजावायला गेलो. त्यांनी हात वर केला. "हे बघा, आमचा वाचक फराळाचं ताट मांडीवर घेऊन वाचतो. चकली मोडल्याचा आवाज गोष्टीपेक्षा मोठा नको. आकडे काढा, भावना घाला. ठेवून जा, मी बघतो."

त्यांनी बघितलं. प्रूफ दाखवलं नाही. अंक हातात आला तेव्हा माझ्या गोष्टीचं शेवटचं दीड पान माझं नव्हतं. अनंत चतुर्दशीची रात्र, गिरगाव चौपाटी, लालबागचा राजा पाण्यात, आणि नेमक्या त्याच वेळी तो ग्रह अरबी समुद्रात पडतो. 'समुद्राने एक दीर्घ उसासा टाकला' हे वाक्य माझ्या नावावर छापलेलं आहे. शेजारी चित्र, राजाबाई टॉवरच्या मागे कडं असलेला शनी. आणि दुसऱ्या पानावर माझं मूळ वाक्य जसंच्या तसं शिल्लक, की हा ग्रह गुरूएवढा आहे. गुरूच्या व्यासावर अकरा पृथ्व्या एका ओळीत मावतात! तो अरबी समुद्रात पडणार म्हणजे नक्की कुठे पडणार?

दिवाळीनंतरच्या अमावास्येला आम्ही काही जण नेहमीप्रमाणे वांगणीला गेलो होतो. आकाश बघायला जमणारी बहुतेक पोरं माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, मला काका म्हणणारी. त्यातल्या एकाने बॅगेतून अंक काढला. टॉर्चला लाल जिलेटिन लावलेलं, त्या उजेडात शेवटचं पान मोठ्याने वाचून झालं. दवाने ओल्या झालेल्या सतरंजीवर सगळे हसून लोळले. "काका, पडला तेव्हा भरती होती की ओहोटी?" "काका, विसर्जन नक्की कुणाचं झालं?" मी म्हटलं, हे माझं नाही, संपादकांनी घातलंय. यावर कोण विश्वास ठेवतो? छापलेलं ज्याचं नाव, गोष्ट त्याची. अजूनही एकजण मला फोनवर 'उसासा' म्हणून हाक मारतो.

तर घडतं काय, याचं उत्तर मला त्या दिवशी कचेरीत देता आलं नव्हतं ते आता देतो. तुमच्या उपयोगाला येईल.

आकडे काढून भावना घालायची, हे मुळात उलटं आहे. आकड्यांतूनच ती येते. पृथ्वी सूर्यापासून सुटली असं समजा. आत्ता ती दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅट ऊन शोषते. तिच्या पोटातून वर येणारी उष्णता तेवढ्याच जागेत ०.०९ वॅट. एवढ्यावर जमिनीचं तापमान उणे २३८ अंशांच्या आसपास टिकेल. नायट्रोजन उणे २१० ला गोठतो, ऑक्सिजन उणे २१९ ला. म्हणजे हवा आधी पाऊस होऊन पडेल, मग गोठेल. दर चौरस मीटरवर दहा टन हवा आहे, तिचा थर होईल साधारण दहा मीटरचा. त्या संपादकांची तीन मजली चाळ कौलांपर्यंत हवेत गाडली जाईल, गठ्ठ्यांसकट. ज्या हवेत आपण बोललो, भांडलो, ती बर्फ होऊन दारात साचली आहे आणि ती फावड्याने घरात आणून चुलीजवळ ठेवल्याशिवाय श्वास घेता येत नाही. यात आणखी कसली भावना घालायची होती?

आणि एवढं होऊनही खोल समुद्राचं तळपाणी गोठणार नाही. खालची ऊब आणि वरचा बर्फाचा जाड थर, दोन्ही मिळून ते वाचवतात. २०११ मध्येच एक गणित प्रसिद्ध झालं, की पृथ्वीच्या साडेतीनपट वजनाचा सुटा ग्रह बर्फाखाली समुद्र टिकवू शकतो. त्याआधी १९९९ मध्ये ग्रहशास्त्रज्ञ स्टीव्हनसन यांनी दाखवलं होतं की अशा ग्रहाला हायड्रोजनचं भरपूर दाट वातावरण असेल तर पृष्ठभागावरही पाणी वाहतं राहू शकेल, कारण हायड्रोजन तेवढ्या थंडीत गोठत नाही आणि उष्णता धरून ठेवतो. अशा जागी 'दिवस' कशाला म्हणायचं? वर्ष तर नाहीच. सण कधी, वय कसं मोजायचं, देव कुठल्या दिशेला? लेखकाला याहून जास्त काय द्यायचं कुणी?

ग्रह सुटतो कसा, हेही बघा. बहुतेक वेळा घरातलाच मोठा भाऊ हाकलतो. नव्या ग्रहमालेत गुरूसारखे दोन-तीन दांडगे असले की त्यांच्या ओढाताणीत धाकटा बाहेर फेकला जातो. आमच्या लालबाग-परळात पुनर्विकासाच्या नावाखाली ट्रान्झिट कॅम्पात गेलेली आणि तिथेच म्हातारी झालेली माणसं ज्याने बघितली आहेत, त्याला कथानकासाठी दूर जायला नको.

दुसरं बीज शोधण्याच्या पद्धतीतच आहे. असा ग्रह एकदाच दिसतो. २०२० मध्ये पोलंडच्या 'ओगल' गटाने मागचा तारा असाच उजळल्याची एक घटना जाहीर केली, चिलीतल्या त्यांच्या दुर्बिणीने २०१६ मध्ये टिपलेली. सगळा खेळ जेमतेम ४२ मिनिटांच्या मापाचा, दादरहून स्लो लोकलने ठाणं गाठावं तेवढा. पृथ्वीच्या किंवा त्याहून कमी वजनाचा सुटा ग्रह असावा. तो तारा आहे, दुर्बीण आहे, आलेख आहे, पण ग्रह पुन्हा कधीही कुणाला दिसणार नाही. रात्रपाळीचा माणूस नेमका तेव्हा डोळे चोळत होता, एवढं घ्या आणि लिहायला बसा.

ताऱ्यांचं थोडक्यात सांगतो, ते मला ग्रहांइतके भावत नाहीत. १९८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हिल्स यांनी म्हटलं की जोडतारा, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी, आकाशगंगेच्या मध्यातल्या महाकाय कृष्णविवराजवळ गेली तर एक जोडीदार तिथे अडकेल आणि दुसरा प्रचंड वेगाने भिरकावला जाईल. २००५ मध्ये असा पहिला तारा सापडला, आणि २०१९ मध्ये सेकंदाला १,७५५ किलोमीटर वेगाचा, जो पन्नासेक लाख वर्षांपूर्वी त्या विवराजवळून सुटला. तो आकाशगंगा सोडून जाणार आहे. त्याच्याभोवती ग्रह टिकलाच, तर पुढे कधीतरी तिथल्या रात्री एकही तारा नसेल, फक्त एका बाजूला आपली अख्खी आकाशगंगा धुरकट पसरलेली. जवळचं उदाहरण हवं तर मृग नक्षत्राकडे बघा. सारथी तारकासमूहातला एई ऑरिगी आणि कपोत तारकासमूहातला म्यू कोलंबी हे दोघे तारे पंचवीसेक लाख वर्षांपूर्वी मृगातून विरुद्ध दिशांना पळाले, असं ब्लाऊ आणि मॉर्गन या खगोलशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखवलं. हिवाळ्यात अंधाऱ्या जागी साध्या द्विनेत्रीतून दोन्ही सापडतात. भावाभावांची गोष्ट तिथे तयार आहे.

आता राहिलेलं. दर ताऱ्यामागे दोन हा २०११चा आकडा २०१७ मध्ये 'ओगल'ने खाली आणला. गुरूएवढे सुटे ग्रह फार तर चार ताऱ्यांमागे एक, असं त्यांच्या जास्त मोठ्या नोंदींतून निघालं. २०२३ मध्ये 'मोआ'ने छोटे ग्रह धरून दर ताऱ्यामागे वीसेकचा अंदाज दिला, पण त्याला चूकमर्यादा एवढी मोठी की तो मुठीत धरून भांडू नका. माझ्या गोष्टीला यातल्या कशानेच धक्का लागत नाही. अर्धं प्रकाशवर्ष म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३१,६०० पट, 'वाइज'च्या हद्दीच्याही बाहेर. २०१४चा निकाल आला तेव्हा मी तो छापून घेतला आणि एका साखरपुड्यात त्याच संपादक व्याह्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं.

हेही सांगायला हवं की वर दिलेली चार हजार वर्षांची हमी मोठ्या ग्रहांपुरती आहे. पृथ्वीएवढा काळा, थंड ग्रह त्या नोंदींत दिसला नसता. शिवाय काही सुटे ग्रह ३० किलोमीटरपेक्षा जोरात येत असतील. तेव्हा अगदीच धडक हवी असेल तर ग्रह छोटा घ्या, आणि त्याला मुंबईचा पत्ता देऊ नका. मात्र अवकाश इतकं रिकामं आहे की तशी धडक योगायोगाच्याही पलीकडची, आणि योगायोगावर उभी गोष्ट वाचक एकदाच माफ करतो. त्यापेक्षा नुसतं जवळून जाणं घ्या. सत्तर-ऐंशी हजार वर्षांपूर्वी शोल्झचा तारा साधारण एका प्रकाशवर्षावरून गेला तेव्हा पृथ्वीवर माणसं होती. १३ लाख वर्षांनी ग्लीझ ७१० हा तारा त्याहून पुष्कळ जवळून, सूर्यमालेच्या कडेवरच्या धूमकेतूंच्या ऊर्ट मेघातून जाणार आहे.

गोष्ट कुठे पाठवायची ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, विज्ञानकथांच्या स्पर्धा त्यांनी भरवलेल्या आहेत, तिथे चौकशी करा. दिवाळी अंकाला पाठवलीत तर सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा की शेवट बदलल्यास कथा परत करावी, आणि छापण्याआधी प्रूफ मागा. तोंडी नको, लेखी मागा. सगळं नाही देत म्हणाले तर शेवटचं पान तरी.